वाचक विचारतात : सिनेमॅटोग्राफी आणि निर्मितीचे शिक्षण

चित्रपटाचे छायाचित्रण आणि निर्मिती शिकणाऱ्या किंवा शिकू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून काही प्रश्न या वेळी निवडले आहेत. उत्तरे कॅमेरा आणि निर्मिती या दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : मी बारावी विज्ञानला आहे. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट) सिनेमॅटोग्राफीला (चित्रपटाच्या छायाचित्रणाला) थेट प्रवेश मिळतो का? मिळत नसेल तर मधली तीन वर्षे कशात घालवावीत? (विद्यार्थी, नांदेड)

थेट मिळत नाही. 1960 साली प्रभातच्या जुन्या स्टुडिओत सुरू झालेल्या या संस्थेचा सिनेमॅटोग्राफीचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. पदवी कुठल्याही शाखेची चालते. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतही पदवी लागतेच. प्रवेशपरीक्षेचे स्वरूप मधूनमधून बदलते, म्हणून त्या वर्षीची प्रवेशपुस्तिकाच प्रमाण माना, जुन्या प्रश्नसंचांवर विसंबू नका.

पदवी कशात घ्यावी, तर जी मनापासून पूर्ण कराल तीत. भौतिकशास्त्र घेतलेत तर प्रकाशाचे वक्रीभवन, ध्रुवीकरण, वर्णपट यांची बैठक पक्की होते. चित्रकला घेतलीत तर छाया-प्रकाश आणि रचना हातात उतरते. मास मीडियाच्या पदवीत चित्रपटाची तोंडओळख होते, पण कॅमेऱ्यावर हात बसेलच असे नाही.

बारावीनंतर लगेच फिल्ममेकिंगची पदवी देणारी खासगी विद्यापीठे पुण्या-मुंबईत आहेत. त्यांचे शुल्क मोठे असते. तिथे चौकशीला जाल तेव्हा माहितीपत्रकातले कॅमेऱ्यांचे फोटो बाजूला ठेवा आणि चार गोष्टी विचारा. एका कॅमेऱ्यामागे किती विद्यार्थी? वर्ग सुटल्यावर सामान सरावाला मिळते का? तीन वर्षांत प्रत्येकाला स्वतः छायाचित्रण करायला किती फिल्म मिळतात? त्यांचा खर्च शुल्कात धरलेला असतो की वेगळा? उत्तरे गोलगोल आली तर शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा, ती खरे सांगतात.

दरम्यान घरातली एक खिडकी निवडा. तिच्याशेजारी एकाच माणसाला बसवून सकाळी 7, दुपारी 12, संध्याकाळी 5 आणि दिवेलागणीला फोटो काढा, आणि ॲपर्चर (लेन्सचे छिद्र), शटर (उजेड आत येण्याचा वेळ) व आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वहीत टिपा. पावसाळ्यात हेच पुन्हा, उन्हाळ्यात पुन्हा. वर्षभराची ती वही मुलाखतीत फार उपयोगी पडते, कारण तिच्यातून बघण्याची सवय दिसते.

प्रश्न : मुलाने फिल्मच्या कोर्सला प्रवेश घेतला आहे. पहिल्याच महिन्यात दीड लाखाचा कॅमेरा हवा म्हणतो. कर्ज काढावे का? (पालक, सांगली)

कर्ज काढू नका, निदान पहिल्या वर्षी तरी नको. कॉलेजचा कॅमेरा असतोच, आणि फिल्म करायची ठरली की चांगला कॅमेरा दिवसाच्या भाड्याने मिळतो. कॅमेऱ्याची बॉडी तीन-चार वर्षांत जुनी होते. चांगला ट्रायपॉड दहा वर्षे टिकतो.

खर्च करायचाच असेल तर हा क्रम ठेवा. आधी फ्लुइड हेड (कॅमेरा संथ, सलग फिरू देणारे डोके) असलेला ट्रायपॉड. साध्या फोटोच्या ट्रायपॉडवर पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) झटके बसतात आणि ते एडिटिंगमध्ये काढता येत नाहीत. मग प्रत्येकी 2 टीबीच्या दोन हार्ड डिस्क. मग एक एलईडी दिवा आणि एक स्टँड. मग एक जुनी 50 मि.मी. लेन्स, जिच्यावर ॲपर्चरची रिंग हाताने फिरवता येते. आणि रंग बरे दाखवणारा मॉनिटर, कारण लॅपटॉपच्या स्वस्त पडद्यावर काळा भाग नेमका किती काळा आहे हे कळतच नाही.

मुलाला कमी लेखायचे म्हणून हे सांगत नाही. पहिल्या वर्षी ज्याच्या हाती महागडा कॅमेरा असतो, त्याला सगळे कॅमेरामन म्हणून बोलावतात आणि तो दिवे लावायला, फोकस ओढायला, क्लॅप द्यायला शिकायचा राहून जातो. ही कामे पहिल्या वर्षात झाली नाहीत तर पुढे ती शिकवायला कुणाला वेळ नसतो.

प्रश्न : रात्री घरात शूट केले की व्हिडिओवर आडवे पट्टे सरकतात. फोनवर येतात, कॉलेजच्या कॅमेऱ्यावरही येतात. कॅमेरा बिघडला आहे का? (विद्यार्थिनी, नाशिक)

कॅमेरा ठीक आहे. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणजे जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला ते जाणवत नाही. फोन बहुधा सेकंदाला 30 फ्रेमवर असतो आणि शटर 1/60 धरतो. तेवढ्या वेळात दिव्याचे पूर्ण ठोके बसत नाहीत, एखाद्या फ्रेमला उजेड जास्त मिळतो, एखादीला कमी, आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने त्याचे पट्टे दिसतात.

उपाय शटरमध्ये आहे. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, मग प्रत्येक फ्रेममध्ये दोन किंवा एक पूर्ण ठोका बसतो. 25 फ्रेमवर 180 अंशांचे शटर, म्हणजे फ्रेमच्या निम्म्या वेळेपुरते उघडे, आपोआप 1/50 होते, म्हणून आपल्याकडे विद्यार्थ्यांनी 25 वर काम करणे सोयीचे. 24 फ्रेमच हव्या असतील तर शटर 172.8 अंशांवर न्या, तेही 1/50च होते. 24 वर 180 अंश ठेवले की 1/48 होते आणि ट्यूबलाइटखाली हलकी धडधड दिसू लागते. ती कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर कळत नाही, एडिटिंगला बसल्यावर कळते.

स्लो मोशनला 120 फ्रेम घेतल्या तर ट्यूबलाइटखाली सुटका नाही, कारण शटर 1/120 पेक्षा लांब जाऊ शकत नाही आणि एक ठोकाही पुरा होत नाही. 100 फ्रेम आणि शटर 1/100 चालते, मात्र हालचाल थोडी पुसट येते.

बाजारातल्या स्वस्त एलईडी बल्बचे गणित वेगळे. त्यांतले काही मंद करताना फार वेगाने बंद-चालू होतात आणि जितके मंद कराल तितके पट्टे वाढतात. असा दिवा पूर्ण तेजावर ठेवा आणि उजेड कमी करायला तो मागे सरकवा किंवा त्याच्यापुढे कापड लावा. दिवा विकत घेण्याआधी दुकानातच फोनचे शटर 1/2000 वर नेऊन त्याच्याकडे रोखा. पट्टे दिसले तर घेऊ नका.

प्रश्न : डिप्लोमा फिल्ममधला एक सीन जुन्या वाड्यातल्या 10 बाय 12 फुटांच्या खोलीत आहे. रात्र, आजी आणि नात बोलत बसल्या आहेत. आमच्याकडे 200 वॉटचा आणि 60 वॉटचा असे दोन बायकलर (पिवळसर ते पांढरा रंग बदलता येणारे) एलईडी आणि 1 किलोवॉटची एक बेबी (तंतूचा, झोत कमी-जास्त करता येणारा दिवा) आहे. चाचणी घेतली तर सगळे सपाट आणि पिवळट आले, भिंतीवर दोघींच्या सावल्या पडल्या, आणि बेबी लावताच फ्यूज उडाला. (चार विद्यार्थी, कोल्हापूर)

आधी फ्यूज, कारण तो जिवाशी गाठ आहे. 1 किलोवॉट भागिले 230 व्होल्ट म्हणजे सुमारे 4.3 ॲम्पिअर. कागदावर हे 6 ॲम्पिअरच्या सॉकेटला झेपते. पण वाड्यात बहुधा दोन-तीन खोल्या एकाच फ्यूजवर असतात, त्यावर पंखा, तुमचे एलईडी आणि लॅपटॉपही चालू असतो. शिवाय थंड तंतूचा दिवा लावताक्षणी काही पट जास्त करंट ओढतो, म्हणून फ्यूज नेमका लावतानाच उडतो. कृपा करून फ्यूजमध्ये जाड तार घालू नका. वायर भिंतीच्या आत तापते आणि लाकडी वाड्यात आग लागायला एवढे पुरते. बेबी स्वयंपाकघरातल्या किंवा गिझरच्या 16 ॲम्पिअरच्या पॉइंटवरून घ्या. तो पॉइंट 3,680 वॉटचा असला तरी 2,900 च्या वर जाऊ नका. केबल 2.5 चौरस मि.मी.ची, आणि रीळ पूर्ण उलगडून ठेवा, कारण गुंडाळलेली केबल तापते. अर्थिंग आहे का, हे आदल्या दिवशी वायरमनकडून तपासून घ्या.

आता सपाटपणा. चाचणीत दिवा बहुधा कॅमेऱ्याच्या शेजारी, लांब उभा होता. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दिवा चेहऱ्यापासून 3 मीटरवर आणि भिंत चेहऱ्यामागे 1 मीटरवर असेल, तर भिंतीला चेहऱ्याच्या निम्म्याहून थोडा जास्त उजेड मिळतो, एका स्टॉपचाही (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक पडत नाही. तोच दिवा चेहऱ्यापासून 1 मीटरवर आणला तर भिंत दिव्यापासून 2 मीटरवर राहते आणि तिला एक चतुर्थांश मिळतो, म्हणजे पूर्ण दोन स्टॉप कमी. भिंत आपोआप अंधारात जाते. म्हणून दिवा जवळ, माणूस भिंतीपासून दूर. आजींची चटई भिंतीपासून निदान 4 फूट पुढे ओढा. कॅमेऱ्यातून ती भिंतीशीच वाटेल.

सीनमध्ये उजेड कुठून येतो हे ठरवा. वाड्यात ते सोपे आहे, टांगलेला एक पिवळा बल्ब पुरतो. 40 वॉटचा तंतूचा बल्ब डिमरवर लावा आणि फ्रेममध्ये दिसू द्या. त्याने चेहरे उजळत नाहीत, उजळायचेही नाहीत. खरा प्रकाश 60 वॉटच्या एलईडीचा. तो त्याच दिशेने, फ्रेमच्या जरा बाहेर, चेहऱ्यांच्या वर, 2900 केल्विनवर (प्रकाशाच्या रंगाचे माप, आकडा कमी तितका पिवळसर, जास्त तितका निळसर) ठेवा. त्याच्यापुढे दोन फुटांवर गेटवे (जाडसर ट्रेसिंग पेपर) किंवा बटर पेपरची चौकट लावा. पेपर दिव्याला चिकटवला तर उपयोग नाही. मऊपणा चौकटीच्या आकाराने येतो, म्हणून ती तीन फुटी तरी हवी.

यानंतर सगळे जण पांढऱ्या थर्माकोलकडे धावतात. इथे उलटे करा. खोलीच्या चुन्याच्या भिंतीच थर्माकोलचे काम करून सावल्या भरून काढत असतात, आणि तुमचा सपाटपणा बराचसा तिथूनच आलेला आहे. चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला, फ्रेमबाहेर, दोन-तीन फुटांवर काळे सुती कापड टांगा. उजळ आणि अंधाऱ्या बाजूत तीन स्टॉपचा, म्हणजे 8 ला 1 असा फरक आला की रात्र वाटू लागते. आजींच्या डोळ्यांत एक ठिपका चमकतो ना, एवढे मात्र पाहा. डोळे विझले की प्रेक्षक त्या माणसापासून तुटतो.

200 वॉटचा दिवा खिडकीबाहेर, पाचेक फुटांवर, 4300 केल्विनवर. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा मानायचा ते) 3200 वर पक्का केला की हा उजेड फिकट निळसर येतो. 5600 वर नेलात तर निळी रात्र नाटकी दिसते. त्याची पातळी मुख्य प्रकाशापेक्षा दोन स्टॉप खाली. तुमचा पिवळटपणा ऑटो व्हाइट बॅलन्समुळे आला असणार, तो बंद करा. ट्यूबलाइटही बंद ठेवा, तिच्यातला हिरवा कातडीवर उतरतो.

बेबी खोलीत आणू नका, दहा मिनिटांत घाम फुटतो आणि आजींचा मेकअप वाहतो. ती माजघरात ठेवून भिंतीवर मारा. उघड्या दारातून मागे एक उबदार पट्टा दिसेल आणि खोलीला खोली येईल.

एक्स्पोजरची भीती वाटत असेल तर हे लक्षात घ्या : आयएसओ 800, शटर 1/50 आणि एफ/2.8 ला चेहरा नॉर्मल यायला सव्वाशे लक्सच्या (उजेडाचे माप) आसपास पुरतात. रात्रीसाठी चेहरा त्याहून एक स्टॉप खाली ठेवायचा, म्हणजे साठ-पासष्ट. 60 वॉटचा दिवा पुरून उरतो. बल्ब मात्र पूर्ण पांढरा फुटू देऊ नका, डिमर खाली आणा. आणि फोकस फितीने मोजा. सुपर 35 (सिनेमा कॅमेऱ्याच्या नेहमीच्या आकाराच्या) सेन्सरवर 50 मि.मी. लेन्सने 5 फुटांवरून एफ/2.8 ला जेमतेम पाच इंचांचा पट्टा स्पष्ट असतो, आजी पुढे झुकल्या की त्यातून बाहेर.

हा सीन दिवसा घेणार असाल तर खिडकीच्या काचेवर काळे कापड ठोकू नका. बाहेर पाच-सहा फुटांवर मांडव घालून तो झाका, म्हणजे आत दिवा ठेवायला जागा उरते.

प्रश्न : 12 पानांची पटकथा, 42 शॉट, दोन दिवसांत उरकायची आहे. मागच्या फिल्मला शेवटचे आठ शॉट राहिले आणि एडिटिंगला बोंब झाली. (निर्मिती विभागाची विद्यार्थिनी, पणजी)

वेळ मांडून पाहू. शिफ्ट 10 तासांची धरा. त्यातून जेवणाचा 1 तास वजा, सामान उतरवून पहिला सेटअप (कॅमेरा आणि दिव्यांची एका शॉटची मांडणी) तयार व्हायला दीड तास वजा. उरले साडेसात तास, म्हणजे 450 मिनिटे. विद्यार्थ्यांच्या युनिटला एका सेटअपला 35 मिनिटे सहज लागतात. म्हणजे दिवसाला 12 ते 13 सेटअप, दोन दिवसांत 25. तुमच्याकडे 42 आहेत. मागच्या वेळी कुणी आळस केला नव्हता, गणितच जुळत नव्हते.

तिसरा दिवस घ्या, किंवा दिग्दर्शक आणि कॅमेरामनला घेऊन बसा आणि 42 चे 25 करा. दोघांच्या संभाषणाचा सहा तुकड्यांत फोडलेला सीन बहुधा एका दोघांच्या शॉटमध्ये आणि दोन क्लोजमध्ये बसतो. एका बाजूचे सगळे शॉट आधी, मग दिवे फिरवून दुसऱ्या बाजूचे. प्रत्येक सीनमधला ज्याच्यावाचून कथा तुटेल असा शॉट कॉलशीटवर (दिवसाच्या कामाच्या पत्रकावर) ठळक करा आणि तो जेवणाआधी घ्या.

लोकेशनची परवानगी लेखी हवी. घर नातेवाइकांचे असले तरी तारीख, वेळ आणि वीज वापरण्याची मुभा एका कागदावर घ्या. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यावर किंवा चर्चमध्ये ऐनवेळी पोहोचून काही होत नाही, तो अर्ज फार आधी करावा लागतो. आणि प्रत्येक लोकेशन सोडण्याआधी सगळ्यांना गप्प उभे करून एक मिनिट नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा, पंखा-फ्रिज बंद करून. संवादांमधल्या फटी त्याच आवाजाने भराव्या लागतात. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय कुणाला घरी जाता येणार नाही.

प्रश्न : पहिल्या दिवसाचे कार्ड कुणीतरी फॉरमॅट केले. परत मिळेल का? (विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

त्या कार्डवर त्यानंतर काही रेकॉर्ड केले नसेल तर आशा आहे. कॅमेऱ्यातल्या साध्या फॉरमॅटने बहुधा फक्त अनुक्रमणिका पुसली जाते. कार्ड लगेच बाहेर काढा, लॉक करा, त्याची पूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या आणि रिकव्हरीचे सॉफ्टवेअर त्या प्रतिमेवर चालवा, कार्डवर नाही. मोठ्या फाइली तुकड्यांत सापडण्याची शक्यता असते, तेव्हा तज्ज्ञाकडे द्या.

पुढच्या वेळी डेटासाठी एक माणूस वेगळा नेमा, ज्याच्याकडे दुसरे काम नसेल. भरलेल्या कार्डवर लाल चिकटपट्टी, आणि ती काढण्याचा अधिकार फक्त त्याला. दोन वेगळ्या डिस्कवर प्रती, नुसते ओढून टाकणे नाही, तर चेकसम (मूळ आणि प्रत तंतोतंत जुळतात का हे सांगणारा आकडा) पडताळणारे सॉफ्टवेअर वापरून. मग प्रत्येक क्लिप उघडून सुरुवात, मध्य, शेवट पाहायचा. त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्याकडे. दोन डिस्क दोन वेगळ्या माणसांच्या घरी जातात, एकाच बॅगेत कधीच नाही.

जागेचा हिशेब आधी करा. यूएचडी (4के) 25 फ्रेमला प्रोरेस 422 हे रेकॉर्डिंगचे स्वरूप तासाला सुमारे 221 जीबी घेते, 422 एचक्यू सुमारे 332. दिवसाला दोन तासांचे फुटेज म्हणजे 422 वर 442 जीबी. साधी हार्ड डिस्क सेकंदाला 120 एमबी लिहीत असेल तर एका प्रतीला तासभर लागतो. हा तास शिफ्ट संपल्यानंतरचा नाही, दिवसभरात कार्डागणिक वाटून घ्यायचा, नाहीतर रात्री अकराला थकलेला माणूस पडताळणी टाळतो.

प्रश्न : मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. सिनेमॅटोग्राफीचा विचार सोडून द्यावा का? (विद्यार्थी, जळगाव)

सोडू नका. रंगांधळेपणामुळे एफटीआयआयच्या काही अभ्यासक्रमांचे दार पूर्वी बंद होते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा उमेदवारांना सर्व अभ्यासक्रमांत प्रवेश मिळाला पाहिजे, असा निर्णय दिला. तो आम्हाला मनापासून योग्य वाटतो. प्रकाशाची दिशा, मऊपणा, चढउतार, रचना, हालचाल यांतले काहीच रंग ओळखण्यावर अवलंबून नाही.

अडचण जिथे येईल तिथे यंत्र वापरा. दिव्याचा रंग डोळ्याने ठरवू नका, कलर मीटरने केल्विन आणि हिरव्या-मॅजेंटाचा झुकाव वाचा. मॉनिटरवर व्हेक्टरस्कोप (रंगांची छटा आणि तीव्रता दाखवणारा आलेख) लावा. त्यावर कातडीच्या रंगाची एक रेषा असते, चेहऱ्याचे ठिपके तिच्यापासून किती सरकले ते दिसते. जेलच्या (दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक पातळ पडद्याच्या) प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यावर त्याचा क्रमांक मार्करने लिहा. फॉल्स कलरची (मॉनिटरवर उजेडाची पातळी रंगांनी दाखवणाऱ्या सोयीची) डीफॉल्ट रंगपट्टी बहुधा हिरव्या-गुलाबीवर चालते, म्हणून तिच्याऐवजी वेव्हफॉर्म (उजेडाच्या पातळीचा आलेख) वाचायची सवय करा, तो नुसता वर-खाली असतो. आणि शेवटी रंग लावताना कलरिस्टला पहिल्याच दिवशी सांगा की तुम्हाला कोणते दोन रंग एकसारखे दिसतात, म्हणजे त्या जागांवर तो तुम्हाला आधीच विचारेल.